चाळ सील झाली तर पगार कोण देणार?

प्रश्न: मी साकीनाक्याला एका कंपनीत पॅकिंगला आहे. २०१८ पासून तिथेच, पण कंत्राटदाराकडून. मध्ये दोन कंत्राटदार बदलले. पगार अठरा हजार, त्यातून दर महिन्याला ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) पैसे कापतात. जून २०२० मध्ये आम्ही असल्फ्याला राहत होतो. शेजारच्या खोलीत कोविडचे पेशंट निघाले आणि चाळ सील झाली. मला काही झालं नव्हतं, पण चौदा दिवस बाहेर पडता आलं नाही. ते सगळे खाडे धरून पगार कापला. माझ्या नणंदेचा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, तिकडे त्या वेळी सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. आपल्याकडे तसं काही आहे का? तेव्हाचे पैसे आता मागता येतील का? आता आम्ही दिव्याला राहतो. उद्या पुन्हा साथ आली तर मी काय करायचं? सासूबाई तीन घरची धुणीभांडी करतात, त्यांना काही मिळतं का?
— एक वाचक, दिवा

उत्तर: ताई, आधी नकोसं ते सांगून टाकतो. २०२० चे ते चौदा दिवस आता परत मिळणार नाहीत. कापलेल्या पगाराची तक्रार करायची मुदत तेव्हाच्या कायद्याने बारा महिने आणि विम्याच्या लाभासाठी न्यायालयात जायची मुदत तीन वर्षं. दोन्ही कधीच उलटून गेल्या. आणि मुदत असती तरी बाजू कमकुवतच होती. केंद्राच्या गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० ला आदेश काढला होता की टाळेबंदीत कामगाराचा पगार कापू नका. ३१ मार्चला महाराष्ट्र सरकारनेही कंत्राटी कामगारांना हजर धरून पूर्ण पगार द्यायला सांगितलं. पण केंद्राचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने पगार न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, कामगार आणि मालकांनी वाटाघाटीने मार्ग काढावा, असं सांगितलं. तुमची चाळ सील झाली ती त्याच महिन्यात. तुमच्यावर अन्याय झाला यात शंका नाही, पण हातात धरायला त्या वेळी कायद्याचा दोर उरला नव्हता.

तो आदेश का टिकला नाही हे समजून घ्या, कारण पुढच्या साथीत कशावर भरवसा ठेवायचा ते त्यावरच ठरतं. आदेशात ‘पगार द्या’ एवढंच होतं, त्या पगारासाठी सरकारने एक रुपयाही बाजूला काढला नव्हता. धंदा बंद, गल्ला रिकामा आणि पगार पूर्ण, हे गणित लहान कारखानदाराला झेपणारं नव्हतं. तो न्यायालयात गेला आणि आदेश गळून पडला.

तुमच्या भाच्याने सांगितलं ते खरं आहे आणि फरक नेमका इथेच आहे. अमेरिकेत १ एप्रिल ते ३१ डिसेंबर २०२० या काळात पाचशेपेक्षा कमी नोकर असलेल्या मालकांवर अशी रजा देण्याचं बंधन होतं. पूर्णवेळ कामगाराला ८० तास, म्हणजे दोन आठवडे. स्वतः आजारी असेल किंवा विलगीकरणात असेल तर पूर्ण पगार, दिवसाला ५११ डॉलरपर्यंत. घरच्या रुग्णासाठी किंवा शाळा बंद म्हणून मुलासाठी घरी थांबावं लागलं तर दोन तृतीयांश, दिवसाला २०० डॉलरपर्यंत. मालक आधी पगार द्यायचा आणि सरकारकडे भरायच्या करातून तेवढी रक्कम वळती करून घ्यायचा. म्हणजे पैसा शेवटी सरकारचा. जर्मनीत साथरोगाच्या कायद्यातच अशी सोय आहे: विलगीकरणात ठेवलेल्या निरोगी कामगाराला मालक सहा आठवड्यांपर्यंत पगार देतो आणि तो सरकारकडून परत मागतो. मालकाच्या खिशाला झळ लागत नसली की तो कामगाराला ‘ताप अंगावर काढ, पण कामावर ये’ असं म्हणत नाही. साथ पसरू नये म्हणून जे करायचं त्याचा खर्च एकट्या कामगाराने किंवा एकट्या मालकाने का सोसायचा? आपल्याकडे अशी रजा असायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. आज ती नाही.

आज जे आहे ते तुमच्या पगारपावतीवरच आहे. अठरा हजारांवर तुमचे ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये, आणि मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये. दर महिन्याला तुमच्या नावाने ७२० रुपये विम्यात जमा होतात, किंवा व्हायला हवेत. दवाखान्याच्या सोयीबरोबर या पैशात आजारपणाचा लाभही येतो: सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. हा पैसा मालक देत नाही, महामंडळ थेट तुमच्या बँक खात्यात भरतं. कोविडचा संसर्ग झालेल्या विमाधारकांना २०२० आणि २०२१ मध्ये हाच लाभ लागू होता. आदेश आले आणि गेले, हा लाभ मात्र चालू राहिला, कारण त्यामागे आधीच भरलेला निधी होता.

पण याला एक मोठी भेग आहे आणि तुमचे २०२० चे चौदा दिवस नेमके तिच्यातूनच गळले. कायद्यात आजारपण म्हणजे ज्याला उपचार लागतात आणि ज्यामुळे वैद्यकीय कारणाने काम बंद ठेवावं लागतं अशी अवस्था. तुम्ही धडधाकट होतात, फक्त कोंडलेल्या होतात. अशा माणसाला डॉक्टर आजारपणाचं सर्टिफिकेट देऊ शकत नाही आणि सर्टिफिकेटशिवाय महामंडळाचं शाखा कार्यालय पैसे देत नाही. म्हणून पुढच्या वेळची तयारी दोन वेगळ्या वाटांनी करायची: आजारी पडलात तर विमा, नुसत्या अडकलात तर रजेचा साठा आणि मालकाशी आधीच केलेलं लेखी ठरवणं.

विम्याची वाट जास्त भक्कम, पण ती बहुतेकदा आजारी पडण्याच्या कितीतरी आधीच बंद झालेली असते आणि कामगाराला ते ठाऊकही नसतं. अट अशी की ठरलेल्या सहामाहीत तुमच्या नावावर किमान ७८ दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, लागलेलं असावं. जानेवारी ते जून या काळात आजारी पडलात तर त्याआधीच्या एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस मोजतात. जुलै ते डिसेंबरमध्ये पडलात तर त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चचे. सहा महिन्यांत ७८, म्हणजे महिन्याला सरासरी १३ दिवस. नियमित कामाला जाणाऱ्याला हे सोपं वाटतं आणि असतंही, जर कागदावर तेच दिवस चढले तर.

ते चढत नाहीत, तिथे गोंधळ होतो. काही कंत्राटदार महिना भरून काम करून घेतात आणि अंशदानाच्या तक्त्यात दहा-बारा दिवसच दाखवतात, म्हणजे त्यांना कमी भरावं लागतं. काही पैसे कापतात, पण भरतच नाहीत. आणि तुमच्यासारख्या ज्यांचे कंत्राटदार बदलले त्यांच्या बाबतीत तिसरी गोष्ट घडते, ती सगळ्यात घातक: नवा कंत्राटदार जुना विमा क्रमांक विचारत नाही, सरळ नवा काढतो. विमा क्रमांक दहा आकडी असतो आणि तो माणसाला आयुष्यभर एकच हवा. दोन क्रमांक झाले की दिवसही दोन ठिकाणी वाटले जातात. एका क्रमांकावर ४५, दुसऱ्यावर ६०, आणि मग खिडकीवर उत्तर मिळतं की ७८ भरत नाहीत. प्रत्यक्षात तुम्ही १०५ दिवस राबलेल्या असता.

म्हणून या महिन्यातच हे तपासा. फोनवर उमंग ॲपमध्ये ईएसआयसी शोधा किंवा महामंडळाच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा. आपल्या अंशदानाचा महिनावार तपशील उघडा आणि तीन गोष्टी पगारपावतीशी जुळवा: महिना आहे का, दिवस किती दाखवलेत, पगार किती दाखवलाय. एका महिन्याचं अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं, तेव्हा वीस तारखेनंतर बघितलंत तर मागचा महिना दिसायला हवा. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. जुनी पगारपावती, जुनं कार्ड, काहीही सापडलं तर त्यावरचा क्रमांक आत्ताच्या क्रमांकाशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर दोन्ही क्रमांक लिहून, आधारची प्रत जोडून, शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. नाव, जन्मतारीख आणि बँक खातं आधारशी जुळतंय का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. लग्नानंतर बदललेल्या नावामुळे बायकांचे कितीतरी दावे नुसते पडून राहतात.

पैसे कापले पण भरले नाहीत असं दिसलं तर घाबरून जाऊ नका. कंत्राटदाराने भरलं नाही तर भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे तुम्ही ज्या कंपनीत पॅकिंग करता तिच्यावर. ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करते. कंपनीच्या कार्यालयाला हे चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे आधी तिथेच लेखी विचारणा केली तर पुष्कळदा काम होतं. नाही झालं तर मरोळ एमआयडीसीतल्या महामंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयात किंवा लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरच्या पंचदीप भवनात तक्रार द्या. सोबत कापलेल्या रकमेच्या पगारपावत्या जोडा. तोंडी तक्रार करू नका. तिचा मागमूस राहत नाही. महामंडळाची टोल फ्री लाइन १८००-११-२५२६ आहे, पण ती चौकशीपुरती. कागद कागदानेच हलतो.

७८ दिवसांच्या अटीबद्दल एक गोष्ट मनाशी ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिलपासून कित्येकांना पगारच नव्हता, त्यामुळे अंशदानही नव्हतं. त्या एप्रिल-सप्टेंबरच्या दिवसांवर लाभ ठरणार होता तो २०२१ च्या जानेवारी ते जूनचा, म्हणजे ऐन दुसऱ्या लाटेचा. पहिल्या लाटेने काम नेलं आणि त्यामुळेच दुसऱ्या लाटेतलं संरक्षणही जायची वेळ आली. महामंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या सहामाहीपुरती अट सैल केली, हे चांगलं झालं. पण पुढच्या वेळी ती सैल होईलच असं धरून चालू नका. साथीत काम थोडंफार जरी चालू असलं तरी ते दिवस कागदावर चढलेच पाहिजेत, असा आग्रह धरा.

आता दवाखाना. तुम्ही असल्फ्याहून दिव्याला आलात, पण कार्डावर विम्याचा दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर (विम्याने नेमलेला खासगी डॉक्टर) कुठला आहे? बहुतेक जुनाच असेल. हे आजच बदला. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी जूनच्या मध्यावर सुरू झाल्या आणि सर्वांसाठी थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, त्याही ठरावीक वेळांपुरत्या. त्या काळात दिव्याच्या माणसाने घाटकोपरच्या डॉक्टरकडे सर्टिफिकेटसाठी जायचं कसं? दवाखाना घराजवळचा हवा, कामाजवळचा नव्हे. मालकामार्फत किंवा शाखा कार्यालयात अर्ज करून तो बदलता येतो. बदलल्यावर ई-पहचान कार्डाची नवी प्रत छापून घ्या, त्यावर नवऱ्याचं आणि मुलांचं नाव आहे ना ते पाहा. डॉक्टरच्या वेळा आणि फोन नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रत्यक्ष आजारी पडलात की पहिल्या दिवशी, शक्यतो सकाळीच, त्या डॉक्टरकडे जा. लोक इथे चुकतात: चार दिवस गल्लीतल्या डॉक्टरचं औषध घेतात, बरं वाटायला लागलं की विम्याच्या दवाखान्यात जाऊन मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागतात. ते मिळत नाही. डॉक्टरने तपासलं त्या दिवसापासूनचंच तो लिहू शकतो. पहिलं सर्टिफिकेट नमुना ७ वर मिळतं. आजार लांबला तर साधारण दर आठवड्याला मधलं सर्टिफिकेट आणि शेवटी कामावर जायला योग्य असल्याचं, म्हणजे अखेरचं. ही साखळी तुटू द्यायची नाही. मधल्या दोन दिवसांचा कागद नसेल तर त्या दोन दिवसांचे पैसेही नाहीत. प्रत्येक सर्टिफिकेट मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत शाखा कार्यालयात पोचायला हवं. उशीर झाला तर आधीचे दिवस बुडू शकतात. स्वतः जाता येत नसेल तर घरातल्या कोणाच्या हातून किंवा टपालाने पाठवा. पैशाची मागणी नमुना ९ वर करायची, त्यावर सही आणि बँक खात्याचा तपशील. सगळ्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा आणि एक प्रत कामावर सुपरवायझरला देऊन तिची पोच घ्या.

साथीत घराबाहेरच पडता येत नसेल, किंवा थेट महापालिकेच्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर? मग तपासणीचा अहवाल, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड हे सगळं जपून ठेवा. विम्याच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट नसेल तिथे महामंडळ दुसरा वैद्यकीय पुरावा ग्राह्य धरू शकतं. ‘शकतं’ म्हणतो, कारण तो त्यांच्या अधिकाराचा भाग आहे, तुमचा हक्क नव्हे. म्हणून दाखल झाल्याच्या दिवशीच घरच्या कोणाला तरी कागदांच्या प्रती घेऊन पॅनेल डॉक्टरकडे पाठवा. घरी विलगीकरणात असाल तर पॉझिटिव्ह अहवालावर तुमचं नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय ना, ते नमुना घेतानाच पाहा. एका अक्षराच्या फरकासाठी दावा परत येतो आणि तोवर प्रयोगशाळेत दुरुस्ती करून देणारा कोणी सापडत नाही.

पैसे किती मिळतील याचा हिशेब करून दाखवतो, म्हणजे अपेक्षा नेमकी राहील. तुमचा पगार महिन्याचा आहे आणि समजा सहाही महिने पूर्ण भरलेत. एप्रिल ते सप्टेंबर म्हणजे १८३ दिवस, एकूण पगार १,०८,०००. रोजची सरासरी साधारण ५९० रुपये, त्याचे ७० टक्के म्हणजे ४१३ रुपये. आजारपणाचे पहिले दोन दिवस लाभ मिळत नाही. म्हणजे चौदा दिवस आजारी असाल तर बारा दिवसांचे सुमारे ४,९५० रुपये. आधीचं आजारपण संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ते दोन दिवस पुन्हा कापत नाहीत. कागद पूर्ण असतील तर पहिली रक्कम सात दिवसांत देण्याचा नियम आहे. आठवडा उलटला की विचारायला जायला कचरू नका.

त्या पहिल्या दोन दिवसांसाठी मालकाकडे भरपगारी रजा टाका. मात्र तिसऱ्या दिवसापासून रजा टाकू नका. ज्या दिवशी तुम्ही काम केलंत किंवा पगारी रजेवर होतात त्या दिवशी आजारपणाचा लाभ मिळत नाही. शाखा कार्यालय मालकाकडून गैरहजेरीची खात्री करून घेतं. मस्टरवर कोणी भलेपणाने ‘हजर’ किंवा ‘रजा’ मारली असेल तर दावाच अडकतो. सुपरवायझरला हे आधी समजावून सांगा: या दिवसांची नोंद आजारपणाची गैरहजेरी अशीच हवी. आणि अखेरच्या सर्टिफिकेटवर कामावर जायची जी तारीख आहे त्याच दिवशी जा. पैशाच्या ओढीने दोन दिवस आधी गेलात तर त्या दोन दिवसांचा लाभ परत करावा लागेल आणि तुमच्यावर खोट्या दाव्याचा ठपका यायचा.

पगारवाढ झाली तर एक गोष्ट पाहा. विम्याची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. पगार त्यावर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत संरक्षण राहतं, पुढच्या सहामाहीपासून नाही. ओव्हरटाइममुळे मर्यादा ओलांडल्याचं धरत नाहीत. तेव्हा ‘ओव्हरटाइम धरून तू एकवीसच्या वर गेलीस’ असं सांगून कोणी नाव काढत असेल तर ते चूक आहे.

आता दुसरी वाट, नुसतं कोंडलं जाण्याची. इथे विमा नाही, सरकारची रजा नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना मात्र जून २०२१ च्या आदेशाने घरातलं कोणी बाधित झालं तर पंधरा दिवसांची विशेष रजा मिळाली. खासगी कामगाराच्या वाट्याला तसं काही आलं नाही, आणि ही तफावत आम्हाला अजून खुपते. तुमच्या हातात आहे ती साठवलेली रजा. तुमची कंपनी कारखाना म्हणून नोंदलेली असेल तर कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. किरकोळ रजा कायद्यात नाही, असलीच तर ती मालकाशी ठरल्याप्रमाणे. दुकाने व आस्थापना कायद्याखाली असेल तर २०१७ च्या कायद्याने वर्षाला ८ किरकोळ रजा आणि दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. फलकावर किंवा कार्यालयात नोंदणीचा दाखला लावलेला असतो, तो वाचून घ्या. मग रजेचा शिल्लक आकडा लेखी मागा. कंत्राटदार बदलला म्हणून रजा शून्यावर आणली असेल तर मूळ कंपनीकडे विचारणा करा. गणपतीला आणि गावच्या जत्रेला सगळी रजा उडवू नका. साथीसाठी म्हणून चौदा दिवस हात न लावता ठेवा. कठीण आहे, हे माहीत आहे. तरी जमेल तेवढी ठेवा.

आणि साथ नसताना, धंदा नीट चालू असताना, तुमच्या खात्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून मालकाला एक अर्ज द्या: प्रशासनाने घर, चाळ किंवा इमारत सील केली आणि तसा कागद आणून दिला, तर चौदा दिवसांपर्यंतची गैरहजेरी खाडा धरू नये, त्यातले निम्मे दिवस भरपगारी आणि निम्मे पुढे रविवारी किंवा जादा पाळीत भरून द्यायचे. अठरा हजारांच्या पगारात चौदा दिवस म्हणजे ८,४०० रुपये. निम्मे म्हणजे ४,२००. एका माणसामागे एवढा खर्च मालकाला आज मान्य करणं सोपं जातं, बारा माणसं एकदम अडकल्यावर नाही. त्याला हेही सांगा की ज्याला पगार जायची भीती आहे तो खोकला लपवून पॅकिंगच्या टेबलावर उभा राहील आणि मग सगळं खातंच बंद पडेल. सह्या सगळ्यांच्या घ्या, एकट्याने जाऊ नका. पुढे त्याने शब्द फिरवला तर बीकेसीतल्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल. चाळ सील झाल्याच्या दिवशी महापालिकेच्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढायला मात्र विसरू नका. २०२० मध्ये अनेकांकडे तोच नव्हता. आणि सील असताना अंगात ताप भरला, तर त्या क्षणापासून तुम्ही कोंडलेल्या नाही, आजारी आहात. पॅनेल डॉक्टरला फोन करा, तुमचा विमा तिथून सुरू होतो.

कायदा बदलला असं कोणी सांगितलं तर गडबडून जाऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा विमा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. बदलाच्या काळात जुने नियम चालू राहतील, असं सरकारने जाहीर केलं आहे. तरी शाखा कार्यालयात गेलात की टक्के, दिवस आणि नमुने तेच आहेत ना, हे एकदा विचारून घ्या.

सासूबाईंना विमा नाही, कारण घरकामाला ईएसआयसी लागत नाही. त्यांच्या बाबतीत सगळं नोंदणीवर अवलंबून आहे. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने घरेलू कामगार, बांधकाम कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. ते ज्यांची नावं नोंदलेली होती त्यांच्यासाठी. बाकीच्या बायका त्याच घरांत तीच भांडी घासत होत्या, पण यादीत नव्हत्या. रक्कम तुटपुंजी होती, तरी पुढच्या वेळी जे काही येईल ते याच यादीवरून वाटलं जाईल. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होते. दिवा ठाणे जिल्ह्यात येतं, तेव्हा ठाण्याला जा. आधार, बँक पासबुक, फोटो आणि त्या जिथे काम करतात त्यांपैकी एका घरमालकाचं काम करत असल्याचं पत्र सोबत न्या. वय साठच्या आत असेल तर असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवरही नाव घाला, ते मोफत आहे आणि मोबाइल आधारशी जोडलेला असेल तर घरबसल्या होतं. आणि घरमालकिणींशी त्यांनी आत्ताच बोलून ठेवावं: सोसायटीने कामवाल्यांना गेटवर अडवलं तर त्या दिवसांचा पगार चालू राहील का? २०२० मध्ये काही घरांनी तो दिला, काहींनी नाही. ज्यांनी आधी शब्द दिलेला असतो त्यांना नंतर तो मोडणं अवघड जातं.